दादाने दोरी जाळली

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या बाजारात भेंडी निवडत होते. "सुनीता, हे उठत नाहीयेत गं," एवढंच ती म्हणाली, आणि मी नेहमीच्या सवयीने बोलून गेले, "अगं झोपू दे की, रिटायर माणूस आहे." तोंडून गेलं ते गेलंच. पलीकडून शेजारच्या काकांनी फोन घेतला आणि नीट शब्दांत सांगितलं. माझ्या एकुलत्या एका भावाला झोपेतच हृदयविकाराचा झटका आला होता. भाजीवालीने तोवर भेंडी तोलून पिशवीत घातली होती. ती पिशवी मांडीवर घट्ट धरून मी रिक्षाने बोईसरला पोचले, आणि दादाच्या घरात शिरल्यावर ती कुठे ठेवावी हे मला सुचेना. कुणीतरी हातातून काढून घेतली.

पोचले तेव्हा खाली बिल्डिंगच्या आवारात बांबू येऊन पडले होते आणि शेजारपाजारची माणसं सुतळीशी झटत होती. ते बघून मला रडायच्या आधी हसू आलं, हे कबूल करते. कारण त्या वस्तीत कुणी गेलं की तिरडी बांधायला दादालाच बोलावणं यायचं. आम्ही मूळचे विट्याकडचे, वरच्या मजल्यावरचे जळगावचे, समोरचे लातूरचे. नोकरीपायी जमलेल्या माणसांची ती वस्ती, म्हातारी माणसं गावाकडे राहिलेली, त्यामुळे कुठलं कार्य कसं करायचं याची सगळ्यांचीच बोंब. दादाची बांधणी अशी असे की खांद्यावरून नेताना जरा हलायची नाही, आणि स्मशानात एक टोक ओढलं की सगळी मोकळी व्हायची. "शेवटच्या वेळी माणसाच्या अंगाशी कोयता कशाला न्यायचा," असं तो म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या वेळी शेजाऱ्यांनी बिचाऱ्यांनी प्रेमाने गाठीवर गाठ मारली, आणि ती काही केल्या सुटेना. शेवटी कुणीतरी ब्लेड शोधून आणलं. माझ्या यजमानांनी घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा मी त्यांना बजावलं की वहिनीच्या कानावर जाऊ देऊ नका. आणि आता मीच ते पेपरच्या पुरवणीत लिहून बसले आहे. पण दादाबद्दल लिहायचं आणि गाठीबद्दल नाही, असं करताच येत नाही.

दादा म्हणजे दत्तात्रय. बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या माल पाठवायच्या खात्यात तो पोरसवदा असताना चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. मला या भागात आणलं तेही त्यानेच. पालघरचं स्थळ त्याने शोधलं, लग्न लावून दिलं, आणि इथल्या घामट हवेला कंटाळून मी रडायला लागले की "अगं, समुद्र आहे की फुकट" म्हणून मला शिरगावला घेऊन जायचा. मी तिथल्या किल्ल्याच्या सावलीला रुसून बसायचे आणि हा खुशाल मला तिथे सोडून किनाऱ्यावर जाळी सांधणाऱ्या म्हाताऱ्यापाशी उकिडवा बसायचा. हिराकाका त्यांचं नाव. सुरुवातीला ते वैतागायचे. "तुमी कंपनीवाले, तुमाला कशाला पायजे हे?" असं विचारायचे. दादा हलायचा नाही. मग एक दिवस त्याने स्वतःच्या अकलेने एक भक्कम गाठ मारली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे धरली. हिराकाकांनी ती नखाने उकलून पाहिली, दाताने ओढून पाहिली आणि परत त्याच्या मांडीवर टाकली. "ही गाठ नाय, गुताडा हाय. पायजे तवा सुटली तर ती गाठ." झालं! दादाने ते वाक्य उचललं ते मरेपर्यंत सोडलं नाही.

तेव्हापासून त्याच्या हाताला दोरीशिवाय चैन नसे. मच्छीमार आणि ट्रकवाले वापरतात ती जाड, पांढरी नायलॉनची दोरी त्याच्या विशेष लाडकी. बातम्या बघताना, फोनवर बोलताना, माझ्या सासूबाईंच्या तक्रारी ऐकताना त्याची बोटं चालूच असायची. कपडे वाळत घालायच्या दोरीला त्याने अशी गाठ मारली होती की सैल पडली तर नुसतं वर सरकवायचं, पुन्हा ताठ. स्कूटरवर सिलिंडर बांधायचा तर तो खड्ड्यातही हलत नसे, आणि बोईसरचे खड्डे ज्यांनी बघितलेत त्यांना हे काय दिव्य आहे ते कळेल. गणपतीच्या मखराला गोफ, दाराला तोरण, वहिनीच्या कुंड्यांना शिंकाळी, माझ्या चष्म्याला मी कधीच न घातलेली दोरी... त्या घरी गेलेल्या पाहुण्याला चहा आणि किल्लीला अडकवायची माशाच्या आकाराची गाठ मिळाल्याशिवाय सुटका नव्हती. वहिनी म्हणायची, "यांचं पहिलं लग्न दोरीशी झालंय, मी नंतरची." आणि तो खाली मान घालून हसायचा, पण हातातलं काम थांबवायचा नाही.

या सगळ्यात त्याचा एक हट्ट होता, आणि पुढचं सगळं त्या हट्टावरून झालं म्हणून तो नीट सांगायला हवा. नायलॉनची दोरी कापली की तिचं टोक पिंजतं. जगातली शहाणी माणसं ते टोक लायटरने जरा वितळवतात, म्हणजे ते घट्ट बसतं आणि प्रश्न मिटतो. दादा जाळायचा नाही. तो प्रत्येक टोकाला बारीक दोरा गुंडाळायचा, त्याचा शेवट आतल्या आत ओढून घ्यायचा, आणि एवढ्या एका टोकाला चहा गार होईपर्यंत वेळ लावायचा. त्याचं म्हणणं असं, की वितळलेल्या टोकाचा गोळा होतो आणि मग ते गाठीतून मागे निघत नाही. त्यातून काही जण टोक गाठीवरच वितळवून चिकटवतात, म्हणजे ती गाठ आता कापल्याशिवाय सुटणार नाही. त्याला हे खपत नसे, आणि त्याला कारण होतं. कंपनीच्या दारात ट्रक भरताना एकदा पिंपं सरकली आणि एका ड्रायव्हरचं मनगट दोरीखाली अडकलं. गाठ अशीच वितळवून बसवलेली. "खोल दो भाई, खोल दो," म्हणून तो ओरडत होता, गाठ सुटत नव्हती आणि चाकू कुणाला सापडत नव्हता. हात वाचला, पण स्टिअरिंग धरण्याजोगा राहिला नाही. दादा तिथे उभा होता, त्याने ते सगळं बघितलं होतं. पण त्याने ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितली, इतक्या वेळा सांगितली, की तिची धार गेली. त्याची मुलगी अनघा लहानपणी त्याच्या आधीच "खोल दो भाई" म्हणून टाकायची आणि आम्ही सगळे हसायचो. तोही हसायचा. आज आठवलं की कसंसंच होतं.

अनघा त्याची एकुलती एक. दादाच्या मांडीला मांडी लावून ती दोरी घेऊन बसायची आणि बघता बघता तिचा हात त्याच्याहून जलद झाला. दादाला त्याचं किती कौतुक! "माझ्याकडून शिकली आणि मलाच मागे टाकलं," असं तो ज्याला त्याला सांगत सुटायचा, फक्त तिला सोडून. कॉलेज संपता संपता तिने मॅक्रमच्या, म्हणजे दोरीला नुसत्या गाठी मारून विणलेल्या पिशव्या, झोपाळे, दिव्याच्या शेड असं करून विकायला सुरुवात केली, आणि पोरीच्या हाती लायटर आला. बापलेकीत रोज वाद. ती म्हणायची, "बाबा, एका झोपाळ्याला किती टोकं असतात! दोरा गुंडाळत बसले तर गिऱ्हाईक म्हातारं होईल." तो म्हणायचा, "मग कमी झोपाळे कर." ती म्हणायची, "आणि झोपाळ्याची गाठ सुटायची कशाला? सुटली तर माणूस खाली येईल ना!" त्यावर दादा चष्मा पुसत शांतपणे, "सुटणं वेगळं बाळा, आणि सोडवता येणं वेगळं." मी त्या वादात दोघांनाही "बरोबर, बरोबर" म्हणत पोहे खायचे. खरं सांगायचं तर दोघंही बरोबरच होती. म्हणून तर ते मिटत नव्हतं.

पालघरला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथे अनघाने पहिल्यांदा स्वतःचा स्टॉल लावला. पोरगी आठवडाभर झोपली नव्हती. मी होतेच, दादाही मदतीला म्हणून आला, झोपाळे टांगून दिले, आणि मग उठून जायचं सोडून खुर्ची ओढून बसला. एक बाई आपल्या नातीला घेऊन आल्या, झोपाळा बघितला, नातीला बसवून बघितलं, घ्यायचा असंही म्हणाल्या. आणि आमच्या दादाने काय करावं? त्याने त्या झोपाळ्याची एक गाठ पकडली आणि त्या बाईंना म्हणाला, "ही बघा, ही सुटणार नाही." बाईंना वाटलं स्तुती करतोय. त्या म्हणाल्या, "छान, मजबूत आहे." "तसं नाही हो," हा म्हणाला, "पोरीचा पाय अडकला तर सुटणार नाही," आणि त्याने ते वितळवलेलं टोक खरोखरच दातात धरून ओढायला सुरुवात केली. त्या ड्रायव्हरची गोष्टही सुरू केली. त्या बाईंनी नातीला उचललं आणि त्या गेल्या. शेजारच्या स्टॉलवर मासवणकडची एक बाई बांबूच्या टोपल्या घेऊन बसली होती, ती न राहवून म्हणाली, "बाबा, पोरीचा धंदा हाय तो. गप ऱ्हा ना जरा." अनघाने त्याच्या हातातून झोपाळा काढून घेतला, पुन्हा जागेवर टांगला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही जा इथून." दादा उठला. संध्याकाळी मी मागचं सगळं आवरून निघाले तर हा एसटी स्टँडवर बसलेला. "ती कशाने येणार आहे?" मला विचारतो. ती मैत्रिणीच्या गाडीने केव्हाच बोईसरला गेली होती.

भांडण असं झालंच नाही, हेच वाईट झालं. भांडण झालं असतं तर कुणीतरी रडलं असतं, कुणीतरी माफी मागितली असती, वहिनीने दोघांना शिव्या घातल्या असत्या आणि शिरा केला असता. तसं काही नाही. दोघंही अगदी नीट वागायला लागली. "जेवलात का?" "जेवलो. तुला उशीर होणार का?" असलं बोलणं, भाडेकरू आणि घरमालकात चालावं तसं. दोरीचा विषय त्या घरातून हद्दपार झाला. तो दोरी घेऊन गॅलरीत बसायचा, ती आतल्या खोलीत. मग अनघाचं लग्न ठरलं, मुलगा नाशिकचा. लग्नात दादाने मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत सगळं दोरीने सजवलं. प्रत्येक टोकाला दोरा गुंडाळलेला. अनघा शालू सावरत त्या तोरणाखाली थांबली, वर बघितलं, मला वाटलं आता बोलेल... पण भटजींनी हाक मारली आणि ती आत गेली. नाशिकला तिने हाताखाली बायका घेऊन काम वाढवलं, बऱ्यापैकी नाव झालं. फोन यायचा, दादा उचलायचा, "हां, बरा आहे. आईला देतो," की फोन वहिनीकडे.

तिच्या बाळंतपणाला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरी न येता ती नाशिकलाच राहिली. वहिनी तिकडे गेली. दादा बारशाला गेला, पण व्याह्यांच्या घरी पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेला बसून राहिला. तिथे दुकानातून आणलेला स्टीलचा पाळणा होता. त्याला हात लावून बघितला आणि "चांगला आहे" म्हणाला. परतीच्या वाटेवर गाडीत मला म्हणाला, "सुनीता, नाकच नाही, हात पण माझ्यासारखेत गं. बोटं बघितलीस का?" मी म्हटलं, "बारा दिवसांच्या पोरांची सगळ्यांचीच बोटं तशी असतात." त्याने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. घरी येऊन त्याने नवीन दोरी आणली आणि पाळणा विणायला घेतला. बाळ पहिल्यांदा आजोळी येईल तेव्हा त्यात झोपवायचा.

त्यानंतर मी एकदा सुरणाचे काप घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दारातच प्लॅस्टिक जळाल्याचा वास. मी घाबरून आत धावले तर दादा खिडकीपाशी बसलेला, हातात लायटर, आणि तोंड असं ओशाळलेलं, जणू शाळेत कॉपी करताना धरला गेलाय. मांडीवर पाळणा. खालच्या झालरीचं एकेक टोक तो ज्योतीत धरत होता, ते पेटायचं, काळं व्हायचं, टपकन थेंब पडायचा आणि हा फुंकर मारत सुटायचा. बोटाला टपोरा फोड. वहिनी म्हणाली, "बघ तुझा भाऊ! परवा टपरीवाला मला विचारतो, 'भाभी, अण्णाजी ने सिगरेट चालू किया क्या?' लाज आणली." मला हसू आवरेना. जन्मभर ज्याने आम्हाला ड्रायव्हरची गोष्ट ऐकवली, तो दोरी जाळत बसला होता! मी म्हटलं, "काय रे, हिराकाकांना कळलं तर?" तो हसला नाही. लायटर बाजूला ठेवून म्हणाला, "बाळाची बोटं बघितलीस ना? सुटा धागा असला तर बोटाला वेढा बसतो. दोरा गुंडाळला तरी पोरं चोखून चोखून तो सोडवतात. इथे जाळायलाच पाहिजे." मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत, "अनू बरोबर होती गं. सगळ्या ठिकाणी नाही... पण बरोबर होती."

मी म्हटलं, "हे मला काय सांगतोस? फोन लाव आत्ता." तो म्हणाला, "फोनवर काय सांगायचं? येणारच आहे ना. बघेल तेव्हा तिला कळेल, तिला सांगायला लागत नाही." आणि मलाही दटावलं, की तू मध्ये तोंड घालू नकोस. मी उभ्या आयुष्यात ज्या मोजक्या गोष्टींत तोंड घातलं नाही, त्यातली ही एक. तिला ते कळावं ही त्याची धडपड मला दिसत होती. तेवढ्यासाठीच तो तिची वाट बघत होता, आणि ते त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायचं नव्हतं. आमच्या घरातले पुरुष असेच. आमचे वडीलही आईवर खूश असले की तिला तसं न सांगता विहिरीवरून पाणी आणून द्यायचे.

पाळणा झाला. आतल्या खोलीतल्या कडीला टांगला. त्यात तांदळाची गोणी ठेवून दादा झोके देऊन बघायचा, आणि वहिनी फोनवर अनघाला सांगायची, "तुझे बाबा तांदूळ झोपवतायत." अनघा तिकडून हसायची. कशाबद्दल ते तिला नीट कळलं होतं की नाही कोण जाणे. येते येते म्हणत होती. आधी बाळाला सर्दी झाली. मग सणासुदीचं काम अंगावर आलं, बायकांना सुट्टी देता येईना. मग जावयांची इकडे बदली होणार होती ती झाली नाही. दर वेळी दादा म्हणायचा, "येऊ दे सावकाश. घाई कसली आहे?" गोणी काढून त्याने पाळण्यावर जुनी चादर टाकली, धूळ बसू नये म्हणून... आणि मग त्या सकाळी मला फोन आला.

अनघा दुपारी पोचली, बाळाला छातीशी धरून. दादाला खाली आणलं होतं. ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. फार रडली नाही. पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं. आतल्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा, सतरंज्या, कुणाचे ओले टॉवेल. ते टॉवेल कुणीतरी पाळण्याच्या चादरीवरच टाकायचं आणि मी ते येता-जाता उचलायचे. त्या गर्दीत बाळ कधी माझ्याकडे, कधी वहिनीकडे, कधी शेजारणीकडे. पाळण्याकडे बघायला अनघाला सवडही नव्हती आणि मनही नसावं. दादाचं ते वाक्य रोज माझ्या जिभेवर यायचं. पण येणारी-जाणारी माणसं, गुरुजींचं सामान आण, दर्भ आण, पिंडाला कावळा शिवला का... ते वाक्य असं चारचौघांत, उभ्याउभ्या द्यायचं नव्हतं मला.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. दुपारची वेळ, बाळ किरकिर करत होतं, वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "अगं पाळण्यात टाक ना त्याला. त्यांनी केलाय तो." अनघाने चादर काढली. मी दारात उभी होते. बाळाला खांद्यावर घेऊन तिने दुसऱ्या हाताने वरपासून पाळणा चाचपायला सुरुवात केली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. "ही शिरगावची गाठ," पुटपुटली. "इथे चुकलेत, उसवून परत केलंय." एका जागी ती हसलीही. मग हात खाली झालरीपर्यंत आला आणि थांबला. तिने एक टोक उचललं, दुसरं उचललं. सगळी काळी, खरबरीत, काहींवर वितळून सुकलेले थेंब.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या बाबांनी," मी म्हटलं.

"शक्यच नाही, आत्या."

मग मी सांगितलं. लायटर, टपरीवाला, बोटाचा फोड, बाळाची बोटं. आणि ते वाक्य, तो बोलला होता अगदी तसंच, "सगळ्या ठिकाणी नाही" हे सुद्धा न गाळता. कारण ते गाळलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं. अनघा खाली बसली. बाळ मी घेतलं. कितीतरी वेळ ती ते टोक अंगठ्याने घासत होती, जणू काळं निघून येणार होतं. मग माझ्याकडे वर बघून तिने विचारलं, "मला का नाही म्हणाले?" त्याचं म्हणणं होतं की ती आली की बघेल. ती आली आणि तिने बघितलं, पण हे बघताना तिचा चेहरा बघायला तो नव्हता, आणि एका फोनचं हे काम होतं. याचा मला त्याच्यावर अजून राग आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण माझा आहे.

"किती वाईट जाळलीत गं," अनघा म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं. "ज्योतीत धरलीय त्यांनी दोरी. आत धरली की पेटते, काळी होते. मी दाखवलं असतं, आत्या. एका मिनिटाचं काम होतं..."

लायटर खिडकीतच होता. तिने डोळे पुसले, कात्रीने एक काळं टोक कापलं आणि लायटर पेटवला. दोरी ज्योतीत न घालता जराशी बाजूला धरली, हळूहळू फिरवत. टोक पिवळसर झालं नाही, धूर झाला नाही, नुसतं आक्रसून आत गेलं. कात्रीच्या पात्याने तिने ते दाबलं. पांढरं, गोल, गुळगुळीत. "अशी धरायची, बाबा," ती म्हणाली. "बाजूला. आत नाही."

बाकीच्या टोकांना तिने हात लावला नाही. पाळणा आता नाशिकला आहे, बाळ त्यात झोपतं, आणि स्टीलचा पाळणा माळ्यावर गेला. परवा मी तिकडे गेले होते तेव्हा अनघाच्या कामावरची एक बाई पाळणा बघून म्हणाली, "ताई, ही काळी टोकं कशी दिसतात! आणा इकडे, कापून नीट करून देते." अनघा हातातलं काम न थांबवता म्हणाली, "राहू दे. शिकत होते ते अजून."